बाबांच्या गाडीला हात लावणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

तुम्ही मुलाकडे वर्ध्याला राहायला गेलात त्याला दीड महिना झाला. जायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते. हातात पाकीट होतं, ते तुम्ही उघडलंसुद्धा नाही. "पोराच्या शिक्षणाले ठेव," म्हणालात आणि बॅगेची चेन लावत बसलात. पुढं काही बोलणार तर काकूंनी पोह्यांची प्लेट हातात दिली. सांगायचं होतं ते सगळं राहून गेलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीनं पाच महिने माझी खटपट पाहिली, पण ती कोणाच्या भरवशावर चालली होती हे थोड्याच लोकांना माहीत आहे.

गाडी बाबांची. मारुती ८००, १९९७ ची, लाल. बाबा पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात घेतलेली ही एकच चारचाकी. रामटेक, आदासा, लग्नाकार्यातली धावपळ, आईचं दवाखान्यात जाणं-येणं, सगळं हिच्यातून झालं. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरणाची फी एकदम पाच हजार झाली, तरी बाबांनी ती भरून पाच वर्षांसाठी नोंदणी करून आणली. पुढच्याच वर्षी ते गेले. गाडी कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली.

२०२४ च्या दिवाळीत ताडपत्री काढली तेव्हा मला रडू आलं. छत आणि बॉनेट उन्हानं पार विटून गुलाबी झालं होतं, बोट फिरवलं की लाल भुकटी बोटाला यायची. दरवाज्यांच्या खालच्या कडा जंगानं खाल्लेल्या. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर पतऱ्यातून खालची जमीन दिसत होती. एका गॅरेजवाल्यानं पंचेचाळीस हजार सांगितले. दुसऱ्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, भंगारात द्या. माझ्याकडे जमवून अठरा हजार होते. मग ठरवलं, घरीच करायचं. मोबाइलवर बघून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि बॉनेट कोरडंच घासायला लागले.

तुम्ही सकाळचं फिरून परत येत होता. फाटकाशी थांबलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग विचारलंत, "कोणाची गाडी आहे?" मी म्हटलं, बाबांची. तुम्ही आत आलात, माझ्या हातातला पेपर काढून घेतलात आणि म्हणालात, "हा जंगासाठी ठेव. याचे ओरखडे रंगातून वर येते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही रेक्झिनची पिशवी घेऊन आलात. तिच्यातून निघाला निळ्या हवाई चपलेचा एक तुकडा. विटेसारखा चौकोनी कापलेला, कडा झिजून गोल झालेल्या, एका बाजूला बोटांचे चार खळगे पडलेले. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त होताना तो तुम्ही सोबत आणला होता. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या मधे पट्टे पडतात आणि रंग मारल्यावर ते लाटांसारखे दिसतात, हे तुम्ही मला तो तुकडा हातात देऊन दाखवलंत. त्याला पेपर गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि लांब, सरळ हात मारायचा. मी तुम्हाला विचारलं होतं की किती गाड्या रंगवल्या असतील. तुम्ही म्हणालात, "मोजल्या नाही. पण लालच जास्त." आयुष्यभर लाल परी रंगवलेल्या माणसाच्या हाताखाली मला बाबांची लाल गाडी रंगवायला मिळाली, याहून मोठं नशीब मला मागता आलं नसतं.

जंगाचं काम सगळ्यात जास्त चाललं. गाडी वरून पडलेल्या पावसानं सडली असं मी समजत होते. तुम्ही दरवाज्याच्या खालच्या कडेला असलेली बारीक भोकं दाखवलीत. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. त्या भोकांत कडुनिंबाची काडी-पत्ती बसून चिखल झाला होता, पाणी आत साचून राहत होतं, म्हणून पतरा आतून बाहेर खात गेला. मी केसातली पिन घालून भोकं मोकळी केली तेव्हा काळं पाणी धारेनं निघालं. फुटबोर्डला नवा पतरा लावताना बॅटरीची वायर आधी काढायला लावलीत, आणि वेल्डिंगवाल्याला सांगितलंत की टाके सलग मारू नको, इथं एक, तिथं एक मार, ८०० चा पतरा पातळ आहे, एका जागी तापला की वाकते. तो पोरगा कंटाळला, पण तुम्ही पूर्ण वेळ त्याच्याजवळ उकिडवे बसून होता.

बारीक जंगावर फॉस्फोरिक ॲसिडचं औषध लावलं की तो काळा पडून थांबतो, लगेच प्रायमर मारावा लागतो, उघडा लोखंडी पतरा एक रात्रही तसा ठेवायचा नाही, हे आता मला पाठ आहे. लांबीचंही, म्हणजे पोचे भरायच्या पुटीचंही, तसंच. मी पोच्यांवर लांबी थापत सुटले होते. तुम्ही फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावून दाखवलंत, ते घसरून पडलं. इतका जाड थर पुढं तडकतो. सगळं खरवडून पोचा आतून हातोडीनं वर काढला आणि मग पातळ लांबी भरली. फेब्रुवारीत अवकाळीचे ढग आले तेव्हा तुम्ही रात्री साडेनऊला छत्री घेऊन आलात, लांबी पाणी पिते म्हणून. प्रायमर झालेला नव्हता. माझ्या मुलानं आणि तुम्ही मिळून ताडपत्री बांधली. काकाजी, त्या रात्री तुमच्या गुडघ्याचा त्रास मला माहीत होता. मी तेव्हा काही बोलले नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

डाव्या मागच्या दरवाज्यावर घासताना लाल रंगात वेगळाच लाल निघाला. वीतभर लांब, जाडसर, ब्रशचे केस उमटलेले. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत. "हे कारखान्याचं नाही. घरी मारलं आहे कोणी, ऑइल पेंटनं." मला लगेच कळलं. अठरा वर्षांची असताना अंबाझरीकडच्या रस्त्यावर बाबा मला गाडी शिकवत होते, मी ती खांबाला घासली होती. आई रागावेल म्हणून मी रात्रभर जागी होते. सकाळी उठून पाहिलं तर ओरखडा नव्हताच. बाबा म्हणाले, घासलीच नव्हती, तुला वाटलं असेल. मी इतकी वर्षं तेच खरं धरून होते. ते पहाटे उठून, छोटा ब्रश घेऊन तिथं बसले असणार.

मी म्हटलं, हा राहू द्या. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. समजावून सांगितलंत की आपण मारणार त्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगात थिनर जास्त असतं आणि थिनर लागलं की खालचा ऑइल पेंट सुरकुततो, वर उचलतो, पूर्ण दरवाजा खराब होईल, काढावाच लागेल. मग पिशवी उचललीत आणि म्हणालात, "मी चहा पिऊन येतो." तुम्ही कधी असे मधेच चहाला गेला नव्हता. अर्धा तास मी त्या दरवाज्याजवळ एकटी बसले. परत आलात तेव्हा मी घासायला सुरुवात केली होती. तुम्ही काही विचारलं नाही, बाजूला बसून पाणी ओतत राहिलात.

संध्याकाळी जाताना तुम्ही पेट्रोलच्या टाकीचं छोटं झाकण उघडून त्याची आतली बाजू दाखवलीत. तिथं ऊन कधी लागलंच नव्हतं. १९९७ चा लाल जसाच्या तसा. "हे झाकण दुकानात घेऊन जा, यावरून रंग जुळवून घे. अन् आतून याले काही मारू नको." दुकानदारानं त्यावरूनच रंग बनवून दिला. झाकणाची आतली बाजू आजही तशीच आहे. रंग तोच ठेवल्यानं आरसीतही काही बदलावं लागलं नाही.

पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, चमक लगेच येते, हे मलाही दुकानात सांगितलं होतं. तुम्ही हट्टानं तो घेऊ दिला नाहीत. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा फवारा फुफ्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतो, ताज्या हवेची वेगळी नळी आणि बंद बूथ असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, घरात पोरगा आहे, म्हणालात. एनसीला घासून-पॉलिश करायचे कष्ट जास्त, पण चुकलं तर घासून पुन्हा मारता येतो. त्यालाही कार्ट्रिजचा मास्क आणायला लावलात. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं रुमाल बांधून केली, त्याचा खोकला अजून सोबत आहे, हे तुम्ही एकदाच बोललात, पण मी तो खोकला रोज ऐकत होते.

आणि चुकलंच. मार्चच्या मध्यावर, तुम्ही एका लग्नाला गेला होता, कॉम्प्रेसरचं भाडं वाया जाऊ नये म्हणून मी दुपारी दोनला एकटीनंच बॉनेटवर रंग मारला. नागपूरचं मार्चचं ऊन, टिनाचं शेड, बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. फवारा पतऱ्यावर पसरायच्या आधीच वाळत गेला. वाळल्यावर पाहिलं तर संत्र्याची साल. तशीच बारीक बारीक खड्ड्यांची, खरबरीत. संध्याकाळी तुम्ही आलात, लग्नाच्या कपड्यांतच. मला वाटलं, आता तुम्ही रंगाची गन हातात घ्याल आणि स्वतः करून टाकाल. मी तशी विनंतीही केली. तुम्ही गन घेतली नाहीत.

त्याऐवजी तुम्ही माझ्या तळव्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवलात आणि म्हणालात, "डोये मिट अन् हात फिरव." कागदामुळे हात अडखळत नाही, खालचा उंचसखलपणा तेवढा कळतो. मी डोळे मिटून फिरवत गेले आणि तुम्ही विचारत राहिलात, "इथं काय मालूम पडते? अन् इथं?" डोळ्यांना न दिसलेल्या तीन लाटा हाताला सापडल्या. लांबीच्याच वेळी राहिलेल्या. "घाई काहून करून राहिली पोरी? उद्या सकाळीच घासू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ६०० नंबरनं पाणी मारून सगळं घासलं, लाटा भरल्या, आणि प्रायमर पूर्ण बॉनेटवर एकसारखा मारला. लाल रंग खालचं लपवत नाही, खाली ठिगळं असली की वरही ठिगळंच दिसतात, हे तुमच्याशिवाय मला कोणी सांगितलं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अंगणात पाण्याचा सडा टाकला, धूळ बसली. भोवती कूलरची हिरवी जाळी बांधली. मुलानं इतवारीतून आणलेल्या मलमलीतून रंग गाळला. हळू वाळणारं थिनर घातलं. तुम्ही खुर्ची घेऊन समोर बसलात आणि फक्त हातानं दाखवत राहिलात, वीतभर अंतर, मनगट वाकवायचं नाही, अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर. पहिला हात पातळ. थांबायचं. दुसरा. थांबायचं. चौथ्या हाताला बॉनेटमध्ये कडुनिंबाची फांदी दिसायला लागली. मुलगा ओरडला. तुम्ही खुर्चीतून उठून जाळी सरळ करायला गेलात, आणि बराच वेळ तिकडे तोंड करून उभे होता.

बाकीची गाडी आठवडाभरात झाली. १५०० आणि २००० नंबरची घासाई, रबिंग कंपाउंड, नवीन बीडिंग, मेकॅनिककडून कार्बोरेटरची सफाई, उंदरांनी खाल्लेली वायर. सगळा खर्च सतरा हजार आठशे. पाडव्याला गाडीला हार घातला तेव्हा आई पुढच्या सीटवर बसली आणि बाबांसाठी लावून ठेवलेला आरसा तिनं माझ्याकडे वळवला.

काकाजी, तुम्ही गन हातात घेतली असती तर गाडी माझ्या हातून झाली त्याहून नक्कीच सुंदर झाली असती आणि एका महिन्यात झाली असती. तुम्ही पाच महिने दिलेत, आणि प्रत्येक काम माझ्या हातून करून घेतलंत. बाबांच्या गाडीचा असा एकही इंच उरला नाही, जिथं माझा हात फिरला नाही. मला याचे मनापासून आभार मानायचे आहेत. आणि त्या अर्ध्या तासाच्या चहाचे. आमच्या घरी चहा होता, काकाजी. तुम्ही बाहेर का गेलात ते मला समजलं होतं.

येत्या रविवारी आम्ही तिघं वर्ध्याला येतोय. याच गाडीनं, सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत पोहोचू. आईनं तुमच्यासाठी सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) करायचं ठरवलं आहे, काकूंना स्वयंपाकाची घाई करू नका म्हणावं. तुमचा चपलेचा तुकडा माझ्याकडेच राहिलाय, तो आणतेय. उजव्या फेंडरवर चाकाच्या वरती मला हाताला एक बारीक लाट लागते. मुलगा म्हणतो, काही नाही. तुम्ही एकदा डोळे मिटून हात फिरवून बघाल का? असली तर पुन्हा घासते.

तुमची,
लाल ८०० वाली पोरगी
नंदनवन, नागपूर