आधी ईसीजी, मग रस्ता

कोल्हापूर

प्रिय विन्या,

परवा फोनवर विचारलंस, अण्णांच्या छातीत दुखलं तर गगनबावड्याहून न्यायचं कुठं? तेव्हा १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर ड्युटीवर होतो, धड बोलता आलं नाही.

भावा, कुठं न्यायचं ते ईसीजी ठरवतो. आपल्याकडं ठरवतो कोण? शेजारी. "ओळखीचे डॉक्टर हायत" म्हणत गाडी निघते. त्या दवाखान्यात कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची खोली, नसते; मग तिथनं पुढं पाठवणी. या फेऱ्यात जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूचा असतो.

पेशंटपाशी पोचल्यावर दहा मिनिटांत बारा लीडचा, म्हणजे हृदय बारा बाजूंनी दाखवणारा, ईसीजी निघायला हवा. त्यात आलेखातल्या ठोक्याचा 'एसटी' नावाचा तुकडा वर उचललेला दिसला, म्हणजे बहुधा हार्ट अटॅक, हृदयाची रक्तवाहिनी पुरती बंद. ईसीजीपासून दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये वाहिनी उघडता येणार असेल तर मधली हॉस्पिटलं सोडून थेट तिकडंच जायचं. आलेख वाटेतूनच मोबाईलवर पाठवला की तिथली टीम तयार राहते, कॅज्युअल्टीतला खोळंबा टळतो. पण पावसाळ्यात गगनबावडा-कोल्हापूर रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं, तर दोन तासांचं गणित कोलमडतं. अशा वेळी जवळ जिथं मिळेल तिथं गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज आधी द्यायचं, अँजिओग्राफी नंतर. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालाय का, नुकतं मोठं ऑपरेशन झालंय का, हे त्याआधी विचारावंच लागतं.

अवघड जातात त्या साध्या दिसणाऱ्या केसेस. अण्णांना शुगर आहे ना? मग छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दरदरून घाम, धाप, जबड्यात दुखणं. घरचे म्हणणार, "काल तांबडा रस्सा जास्त झालाय, पित्त असंल." पहिला ईसीजी ठीक आला तरी मी निश्चिंत होत नाही, थोड्या वेळानं परत काढतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन, तेही वाढायला काही तास लागू शकतात.

जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, मात्र कुणाच्या सांगण्यावरून ठेवू देऊ नकोस. अटॅकमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूला फटका बसला असेल तर बीपी धाडकन पडतं. ॲस्पिरिन चावून खायचं, पण तेही अॅलर्जी, अल्सर विचारून. १०८ ला लागलेल्या फोनवरच आम्ही ते विचारून घेतलेलं बरं.

आणि तुझ्या भावाला सांग, स्वतःच्या गाडीत घालून निघू नकोस. वाटेत ठोके बिघडले तर शॉक द्यायचं यंत्र त्याच्या बोलेरोत नाही. आमच्याही सगळ्या गाड्यांत सारखी सामग्री नसते, हे खरं. तरी डॉक्टर असतो.

एक काम लगेच कर. अण्णांच्या जुन्या ईसीजीची झेरॉक्स आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या पाकिटात ठेवायला लाव. आलेखातला बदल जुना की आजचा, हे जुना कागद हातात असला की पटकन कळतं.

वहिनींना नमस्कार. गणपतीला येतोयस का, कळव.

तुझा,
सत्या