मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं तर तारीख बघा

राज्य शासकीय सेवेतील सभासदांनो, पदोन्नती डावलली किंवा वेतनवाढ रोखली, तर ‘साहेबांना भेटून बघू’ यात वर्ष घालवू नका. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, 1985 च्या कलम 21 नुसार अंतिम आदेशापासून 1 वर्षात मॅटकडे अर्ज हवा. नियमानुसार केलेल्या अपिलावर 6 महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढे 1 वर्ष. नुसती स्मरणपत्रं पाठवून मुदत वाढत नाही. परवा एका सभासदाची फाइल नऊ स्मरणपत्रांनी फुगलेली, आवक शिक्का मात्र एकावरच! पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना मॅट लागू नाही, त्यांनी वेगळं विचारावं. कागद घेऊन शनिवारी संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात या, झेरॉक्स चालेल.