प्रश्नसत्र सांभाळणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

नागपूरच्या विभागीय कॉम्बिनेटोरिक्स (मोजणी आणि रचनांचं गणित) परिषदेच्या आभारप्रदर्शनात पाहुण्यांपासून मंडपवाल्यांपर्यंत सगळ्यांची नावं येतात. न सुटलेले प्रश्न मांडून त्यांवर काम करायला गट जमवणाऱ्या प्रश्नसत्राचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

बहुतेक परिषदांत बळी जातो तो याच सत्राचा. बीजभाषण लांबतं, सत्कार लांबतात आणि दीड तासाचं सत्र वीस मिनिटांत गुंडाळलं जातं. तुम्ही ते समारोपाला न ठेवता पहिल्याच दुपारी घेता. त्यामुळे गोंदिया-चंद्रपूरची मुलं परतीची गाडी पकडतात तेव्हा त्यांचा गट ठरलेला असतो, कामही सुरू झालेलं असतं.

प्रश्न कसा मांडावा, यातली तुमची शिस्त तर फारच मोलाची. पाच-पाचची रॅम्से संख्या (किमान किती माणसं जमली की त्यांत सगळे एकमेकांना ओळखणारे पाच किंवा सगळे एकमेकांना अनोळखी पाच हमखास सापडतील ती संख्या) ४३ ते ४६ मध्ये कुठेतरी आहे, ती शोधा, असं म्हटलं की एम.एस्सी.च्या मुलाला हात घालायला जागाच उरत नाही. तुम्ही मांडणाऱ्याकडून एक पान मागता. व्याख्या, आजवर काय सिद्ध झालंय, सर्वांत लहान न सुटलेलं उदाहरण आणि आठवड्याभरात करता येईल असं काहीतरी. ग्राफ म्हणजे काही बिंदू (शिरोबिंदू) आणि त्यांतल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या रेघा (कडा). नऊ शिरोबिंदूंचे वेगवेगळे ग्राफ २,७४,६६८, ते साधा लॅपटॉप तपासतो. दहाचे १,२०,०५,१६८, तेही जमतात. अकराला आकडा १०१ कोटींच्या पुढे जातो, तिथे आधी डोकं चालवावं लागतं. हे आकडे तुम्ही फळ्यावर मांडता आणि प्रोग्रामवर कुठपर्यंत विसंबायचं ते मुलांना उमगतं.

श्रीखंडे ग्राफचंही तसंच. नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांच्या या १९५९ च्या ग्राफला १६ शिरोबिंदू, ४८ कडा. प्रत्येकाला सहा शेजारी, कुठल्याही दोघांचे सामाईक शेजारी दोनच. चार बाय चारच्या बुद्धिबळ पटावर हत्तीच्या चालींचा ग्राफ काढला (घरं म्हणजे शिरोबिंदू, हत्ती एका चालीत जाऊ शकेल अशी दोन घरं जोडलेली) तर सगळे आकडे हेच! मग दोन्ही एकच का? एका शिरोबिंदूचे सहा शेजारी वेगळे काढा. हत्तीच्या ग्राफात दोन सुटे त्रिकोण मिळतात, श्रीखंडेंच्या ग्राफात एक षट्कोन. पाच मिनिटांचं काम, पण त्यानंतर मागच्या बाकांवरूनही प्रश्न यायला लागतात.

गटात चारच जण आणि पेपरवर नावं वर्णानुक्रमे, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकता, म्हणून पुढे रुसवेफुगवे होत नाहीत. सहा आठवड्यांनी तुमचा फोन येतो. काय तपासलं, कुठे अडलं? फसलेली वाटसुद्धा कारणासकट वहीत नोंदवली जाते, नाहीतर पुढचा गट पुन्हा त्याच वाटेने जाऊन तिथेच अडकेल.

या सगळ्यासाठी आम्ही तुमचे मनापासून ऋणी आहोत.

एक विनंती. पुढच्या वेळी प्रश्नांची पानं दोन आठवडे आधी कॉलेजांत पोचवायचं काम आमच्याकडे द्या. टायपिंग, झेरॉक्स, वाटप सगळं आम्ही बघू.

आपले,
विदर्भातले गणिताचे शिक्षक व संशोधक विद्यार्थी
नागपूर