आप्पा, यंत्राआधी तुम्ही औषधाची चौकशी केलीत

आदरणीय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही बजावून सांगितले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण अमळनेरात आणि आसपासच्या खेड्यांत तुम्हाला ओळखणाऱ्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते चार ओळींत कळेल. आभार मानायला मी तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा तुम्ही हात जोडून विषयच बदललात आणि समोर उघडून ठेवलेल्या कूलरच्या मोटरीविषयी बोलू लागलात. त्या दिवशी राहून गेलेले सगळे इथे मोकळेपणाने लिहिते आहे, कारण ते मनातून अजून उतरलेले नाही.

आमच्या घरातला फ्रिज बिघडला ही तशी बातमी नव्हे. पण ऐन उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे चाललेला असताना आणि त्याच फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात सासूबाईंचे इन्सुलिन ठेवलेले असताना तो बिघडतो, तेव्हा घराची झोप उडते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवायचे असते. वापरात घेतलेली बाटली साधारणपणे चार आठवडे बाहेर चालते, पण त्या ‘बाहेर’चे तापमान २५, फार तर ३० अंशांच्या आत हवे, आणि आपल्या खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी माजघरातसुद्धा एवढा गारवा कुठून आणायचा? शेजारच्या काकूंनी ओल्या वाळूत माठ ठेवून त्यात बाटली ठेवण्याचा उपाय सांगितला, त्यावर काही दिवस निभावलेही, पण सासूबाईंचा जीव था­ऱ्यावर नव्हता. इंजेक्शन घेताना त्या बाटली उजेडात धरून पाहायच्या आणि काही न बोलता माझ्याकडे पाहायच्या.

तुमच्या आधी जे येऊन गेले, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय तुमचे मोल कुणाला कळणार नाही, म्हणून तेवढे लिहिते. कंपनीच्या सेवा केंद्राकडून आलेल्या तरुणाने फ्रिजचे दार उघडले, मागच्या भिंतीवर साचलेला बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पाहिला आणि बोर्ड गेला म्हणून सांगितले. बोर्ड बदलला, त्याचे पैसे आम्ही मोजले, आणि दूध कधी गोठलेले तर कधी नासलेले मिळण्याचा प्रकार होता तसाच सुरू राहिला. पुन्हा तक्रार केल्यावर उत्तर आले, की आतला तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो, पण त्याची तार फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये गाडलेली असते, सेन्सर सुटा मिळत नाही, तेव्हा जुना फ्रिज देऊन नवा घेण्याची योजना आहे ती पाहा. आप्पा, तो फ्रिज आम्ही हप्त्यांवर घेतलेला आहे आणि त्याचा शेवटचा हप्ता फिटून फार काळ झालेला नाही. वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा हक्क ग्राहकाला असावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात एक स्वतंत्र पोर्टलही सुरू केले आहे. पण ज्या माणसाला वस्तू उघडून पाहायचीच नाही, त्याच्यापुढे हक्काचा कागद धरून काय उपयोग?

दुसरे गृहस्थ गावातलेच होते. त्यांनी सेन्सरची तार तोडली, तिच्या दोन टोकांना एक बारीकसा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक विद्युतरोधाचा तुकडा, जोडला, वर टेप गुंडाळली आणि आता आयुष्यभर पाहायला नको, असे सांगून गेले. त्या रात्रीपासून फ्रिज थांबलाच नाही. सकाळी भाजीच्या कप्प्यातली कोथिंबीर काचेसारखी कडक झालेली होती आणि इन्सुलिनच्या नव्या बाटलीत बर्फ धरलेला होता. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नसते, ते टाकूनच द्यायचे असते, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. सासूबाईंनी ती बाटली स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते, त्याला मी राग म्हणणार नाही. आपल्यामुळे घराला खर्च होतो आहे, ही टोचणी होती ती. म्हातारपणी आणि आजारपणात माणसाला अशी टोचणी लावणाऱ्या कामाला मी निव्वळ निष्काळजीपणा म्हणून सोडून देऊ शकत नाही.

आणि मग आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तुम्ही आलात. आखाजी तोंडावर आलेली, ऊन असे की रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तुम्ही डोक्याला पंचा गुंडाळून सायकल दामटत आलात. मी पाणी आणायला आत वळले होते. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, फ्रिजच्या दाराला हात लावलात आणि उघडण्याआधी थांबून सासूबाईंना अहिराणीत विचारलेत, “यामा दवाई शे का काही?”

आप्पा, हे सारे पत्र मी त्या एका प्रश्नासाठी लिहिते आहे. तोवर आलेल्या कोणीही तो विचारला नव्हता. त्यांनी मॉडेलचा नंबर विचारला, वॉरंटीचा कागद विचारला, खरेदीची तारीख विचारली. आत कोणाच्या जिवाची वस्तू आहे का, हे विचारावेसे कोणालाही वाटले नाही. तुम्ही मात्र थर्मास मागवून घेतलात, तळाशी बर्फ घातलात, त्यावर रुमालाची जाड घडी ठेवलीत, बाटली एका छोट्या डबीत घालून ती घडीवर अशी बसवलीत की बर्फाचा स्पर्श तिला होऊ नये, आणि मग तुमच्याकडचा तारेचा थर्मामीटर आत सोडून त्याचा आकडे दाखवणारा भाग सासूबाईंच्या हातात दिलात. आकडा खाली येत येत ६ च्या पुढेमागे स्थिरावला, तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, “आते काळजी करू नको, माय.” त्यानंतरच तुम्ही पिशवीतून पाना काढलात. तुमचे काम चालू होते तेवढा वेळ सासूबाई तो आकडा मांडीवर धरून बसल्या होत्या आणि अधूनमधून मला मोठ्याने वाचून दाखवत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात धास्ती नव्हती.

कामाचे सारे तपशील इथे लिहीत नाही, कारण वाचून कोणी स्वतःच फ्रिजची मागची बाजू उघडावी असे मला वाटत नाही. पण तुम्ही जे समजावून सांगितलेत त्यातले थोडे लिहिणे भाग आहे, कारण तुमच्यात आणि आधीच्या दोघांत काय फरक होता तो त्यातच आहे. तुम्ही जाळीमागचा सेन्सर बाहेर काढलात, बर्फ कुटून घातलेल्या पाण्यात बुडवलात आणि रोध मोजणारा मल्टिमीटर मला धरायला लावलात. गारवा वाढला की या जातीच्या सेन्सरचा रोध वाढत जातो. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा चांगला सेन्सर बर्फाच्या पाण्यात जवळजवळ तिपटीवर जातो, हे तुम्ही आधी पिशवीतल्या दुसऱ्या सेन्सरवर दाखवलेत. आमचा मात्र भरकटत होता, आकडा धड चढतही नव्हता आणि एका जागी थांबतही नव्हता. आत ओल शिरली आहे, असे तुम्ही म्हणालात. जो बोर्ड बदलायला आम्ही पैसे भरले, तो जुना बोर्ड मुळात धडधाकट असणार, हेही तुम्ही सांगितलेत, पण सांगताना कोणाच्या नावाने एक वाकडा शब्द काढला नाहीत.

रेझिस्टर जोडण्याचा उपाय चूक का, हेही मला तेव्हाच कळले. नुसता रेझिस्टर म्हणजे यंत्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला ‘अजून गार झालेले नाही’ असे सतत सांगत राहणे. मग ते बिचारे कॉम्प्रेसर चालवीत राहते आणि आतले सगळे गोठवते. योग्य सेन्सर मागवून येईपर्यंत तुम्हालाही तोच रेझिस्टर काही दिवस ठेवावा लागला, पण तुम्ही त्याच्यावर पहारा बसवलात. फ्रिजची वायर तापमान पाहून वीज चालू-बंद करणाऱ्या एका डिजिटल कंट्रोलरमधून घेतलीत, त्याचा तारेचा टोकाचा भाग पाण्याने भरलेल्या लहानशा बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवलात, म्हणजे दार उघडल्याबरोबर आकडा उसळू नये आणि आतल्या वस्तूंचे खरे तापमान त्याला कळावे. बंद झाल्यावर काही मिनिटे थांबूनच कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हावा, अशी सोयही तुम्ही त्यात करून दिलीत. वेगळे सोल्डरिंग करायचे होते ते तुम्ही ओसरीवर जाऊन केलेत. आमच्या फ्रिजमागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ लिहिलेले आहे, तो गॅस पेट घेणारा असतो, आणि आधी कोणीतरी आत हत्यार घालून खरवडले आहे हे ऐकल्यावर फ्रिजजवळ तापलेली सोल्डरिंग आयर्न आणायची नाही, हे तुम्ही मला पट्टी दाखवून सांगितलेत. स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही तीच पट्टी होती.

निघण्यापूर्वी तुम्ही माझ्याकडून शाळेच्या वहीचे एक पान मागून घेतलेत आणि त्यावर तुमच्या मोठ्या, ठसठशीत अक्षरात लिहिलेत, ‘तात्पुरती सोय. आत रेझिस्टर आहे. सेन्सर बसवल्यावर काढणे.’ खाली तारीख घातलीत आणि तो कागद फ्रिजच्या मागे चिकटवलात. मी विचारले, की तुम्हीच येणार आहात तर लिहून कशाला ठेवायचे? त्यावर तुम्ही म्हणालात, की मी नाही आलो तर जो येईल त्याला कळायला हवे. ही सोय फार दिवस ठेवण्याजोगी का नाही, तेही तुम्ही लपवले नाहीत: कंट्रोलर दर वेळी सगळाच वीजपुरवठा तोडतो, त्यामुळे बर्फ वितळवण्याची बोर्डाची वेळ चुकते आणि मागे हळूहळू बर्फ साचू शकतो. आपल्या उपायाची उणी बाजू ग्राहकाला आपणहून सांगणारा कारागीर मी तोवर पाहिला नव्हता.

सेन्सर आला, तुम्ही निरोपाची वाट न पाहता आलात, तो जाळीजवळच जोडून दिलात, जोडावर स्लीव्हची नळी चढवून ओल शिरणार नाही असे केलेत आणि तुमचा तो कागद स्वतःच्या हाताने काढून फाडलात. फोममध्ये गाडलेल्या तारेला हात लावायची गरजच पडली नाही. जी गोष्ट अशक्य म्हणून आम्हाला नव्या फ्रिजच्या योजनेकडे वळवले जात होते, ती चहा गार होण्याच्या आत झाली.

१९४५ साली आपल्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातून पुढे विप्रो उभी राहिली, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवे. पण यंत्राची जाण असलेली माणसे या गावात कारखान्यांबाहेरही आहेत, स्टेशन रोडच्या आणि बाजारपेठेच्या गाळ्यांत बसलेली आहेत, आणि त्यांच्या हाताला जे ज्ञान आहे त्याची कुठल्याही प्रमाणपत्रावर नोंद नाही, हे मुलांना कोण सांगणार? प्रमाणपत्र, गणवेश आणि छापील पावती घेऊन आलेल्या माणसाने आमच्याशी बोलताना एकदाही मान वर केली नाही. तुमच्याकडे यातले काहीही नव्हते, आणि सासूबाईंशी तुम्ही त्यांच्या बोलीत बोललात. मला वाटते, सचोटी ही आधी माणसाच्या नजरेत असते, ती समोरच्याकडे पाहते. हिशेबातला प्रामाणिकपणा त्याच्या मागोमाग येतो. ज्याने घरातले आजारी माणूस पाहिले, त्याला खोटा बोर्ड विकता येणार नाही.

या वर्षीच्या नववीच्या वर्गाला उष्णता आणि विद्युतरोध शिकवताना मी बर्फाच्या पाण्यातला सेन्सर आणि मल्टिमीटर वर्गात नेणार आहे. तो दुसरा सेन्सर तुम्ही मला ठेवून घ्यायला दिलात, त्याचा उपयोग होईल. तुमची हरकत नसेल तर एक दिवस तुम्हीच या. मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे आणि त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. मुलांपुढे भाषण करायचे नाही, फक्त आमच्या ओट्यावर दाखवलेत तसे दाखवायचे आहे.

आणि आता एक तक्रार. तुम्ही सेन्सरचे आणि कंट्रोलरचे पैसे तेवढे घेतलेत. मजुरीचे नाव काढल्यावर पिशवी उचलून चालू लागलात, आणि कंट्रोलर परत नेताना त्याचेही पैसे सासूबाईंच्या हातात ठेवलेत. हे त्यांना मान्य नाही. त्यांनी तुमची मजुरी स्वतःच्या पेन्शनमधून काढून वेगळी ठेवली आहे आणि ती माझ्या हाती पाठवायला त्या तयार नाहीत; स्वतः येऊन घेऊन जा, असा त्यांचा निरोप आहे. रविवारी सकाळी त्या घरीच असतात. वहिनींनाही सोबत आणा. खापरावरच्या पुरणपोळ्या त्या अजून स्वतः करतात, आणि तुम्ही जेवल्याशिवाय गेलेले त्यांना चालणार नाही.

आपली कृतज्ञ,
फ्रिजवाल्या माईंची सून
अमळनेर, जि. जळगाव