ओट्स कुठले ते पण सांगा की

संपादक साहेब,

थंडीची चाहूल लागली की सकाळी गरम काहीतरी हवंच, म्हणून तुमच्या पुरवणीतलं बेक्ड ओटमील करून बघितलं, पण ओट्स कुठले घ्यायचे तेच लिहिलं नव्हतं आणि मी घातले इन्स्टंट, झाला नुसता चिकट लगदा! रोल्ड ओट्सच (वाफवून चपटे केलेले अख्खे दाणे) हवेत, २ कप ओट्सला पावणेदोन कप दूध, १ अंडं, चमचाभर बेकिंग पावडर, दालचिनी, सफरचंदाच्या फोडी, सगळं एकत्र करून मग ओव्हनमध्ये १८० डिग्री सेल्सियसवर ३५-४० मिनिटं, मधला भाग हलायचा थांबला की झालं. बाहेर काढून १० मिनिटं तसंच ठेवा, नाहीतर वड्या पडत नाहीत (घरात तेवढा धीर कुणालाच नसतो म्हणा). उरलेलं फ्रिजमध्ये ३-४ दिवस टिकतं.

- एक वाचक