भरतीची तयारी, अंगातलं वजन आणि ग्वाल्हेरचं ऊन

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारा निवृत्त व्यायामशिक्षक. पोलीस आणि अग्निवीर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली मैदानावर रोज भेटतात. मे महिन्यात आमच्या ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर जातो, तरी सराव चालूच असतो. ज्यांचं वजन जास्त, ती मुलं सगळ्यांत शेवटी मैदान सोडतात. अंगात प्लॅस्टिकचं जॅकेट, डोक्याला कानटोपी. का, तर घाम गाळला की चरबी उतरते. उतरतं ते फक्त पाणी, आणि अंगातली उष्णता कोंडून राहते.

साहेब, धोका याच मुलांना सर्वांत जास्त आहे. एकाच उंचीची दोन मुलं, एक ६० किलोचा, दुसरा ८० किलोचा, एकाच वेगाने धावली तर दुसऱ्याच्या शरीरात सुमारे एक-तृतीयांश जास्त उष्णता तयार होते. ती बाहेर टाकणारी त्वचा मात्र जेमतेम एक-अष्टमांशाने जास्त असते. अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या तरुणांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२ किंवा त्याहून जास्त आणि दीड मैल धावायला १२ मिनिटांहून अधिक वेळ, अशा तरुणांना सडपातळ आणि चपळ तरुणांच्या मानाने उष्णतेच्या विकाराचा धोका आठपट दिसला. बीएमआय २२ म्हणजे ५ फूट ७ इंच उंचीला साधारण ६४ किलो. अशा मुलाला आपल्याकडे कुणी जाड म्हणणारही नाही!

म्हणून वजनदार मुलांना ‘आळशी’ म्हणून जादा फेऱ्या मारायला लावणं बंद व्हावं, अशी सूचना आपल्या खात्याने प्रत्येक प्रशिक्षकाला द्यावी. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस सराव हळूहळू वाढवावा. ताप किंवा जुलाबातून उठलेल्या मुलाला त्या दिवशी धावायला लावूच नये.

सर्वांत कळकळीची मागणी मात्र टबची आहे. प्रत्येक सरकारी मैदानावर पाण्याने भरलेला मोठा टब आणि जवळ बर्फ असावा. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर १०८ ला फोन लावावा आणि गाडीची वाट न पाहता त्याला गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवावं, डोकं धरून ठेवावं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असताना पहिला अर्धा तास जीव वाचवतो. आधी गारवा, मग इस्पितळ. हा क्रम प्रत्येक प्रशिक्षकाला प्रत्यक्ष करून दाखवायला हवा.

टब, बर्फ आणि एक दिवसाचं प्रशिक्षण, याला फार मोठा निधी लागत नाही. येत्या एप्रिलपूर्वी आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त व्यायामशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर