रविवारची टेकडी शाळा : पालकांसाठी सूचना

पालकहो, येत्या रविवारी चौथी-पाचवीची मुलं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर येणार आहेत. सकाळी ६.३० वाजता एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूच्या वाटेवर जमू, ९.३० ला खाली उतरू.

सध्या गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया) झाड गुलाबी फुललंय. दिसतं सुंदर, पण ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याच्याखाली काय उगवतं आणि आपल्या इथल्या पळसाखाली काय, हे मुलं स्वतः मोजणार आहेत. उत्तरं आधी सांगू नका, प्लीज!

- पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बूट, टोपी
- पाण्याची बाटली, डब्यात पोळीभाजी. प्लास्टिकची पाकिटं नकोत
- वही-पेन्सिल. मोबाइल नको

फुलं-पानं तोडायची नाहीत, खाली पडलेली चालतील. गिरिपुष्पाच्या बिया विषारी असतात. तोंडात घालायच्या नाहीत, हे घरीच बजावा.

दोन पालक सोबतीला हवेत. शुक्रवारपर्यंत कळवा.